आठ दिवसांच्या बोलीवर आणलेलं यंत्र

माझा आवाज गेला त्या वर्षी मला पहिला शोध लागला तो असा, की बोलता न येणाऱ्या माणसाला लोक बहिरं समजतात. केडगावातली भाजीवाली माझ्याशी इतकी वर्षं नीट बोलायची. ती एकदम ओरडायलाच लागली. भेंडी माझ्या तोंडासमोर नाचवायची आणि म्हणायची, "भेंऽडी! भेंऽडी पायजे का?" अगं बाई, कान शाबूत आहेत माझे, असं मी म्हणायची. म्हणजे मनात म्हणायची. बाहेर हवेशिवाय काही निघत नव्हतं, आणि तीही तोंडातून नाही, गळ्याच्या भोकातून.

पुण्याला ऑपरेशन झालं होतं. घशात गाठ होती, ती वाईट निघाली, आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी आधी सगळं समजावून सांगितलं होतं आणि मी मोठ्या तोऱ्यात सही केली होती. जीव वाचतोय ना, मग आवाजाचं काय घेऊन बसलात, असं वर त्यांनाच ऐकवलं होतं. माझं शेवटचं ऐकवणं ते. घरी आल्यावर कळलं, की माझा निम्मा जीव तोंडातच होता.

कारण मी मुळात तोंडाळ. हायस्कुलात इंग्रजी शिकवायची, आणि माझा तास चालू असला की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घ्यायचे. रिक्षावाल्याशी, बँकेतल्या शिपायाशी, मुख्याध्यापकांशी, कुणाशीही मी भांडू शकायची आणि भांडण मिटल्यावर त्याच दमात चहा पाजायची. लग्न केलं नाही. का नाही केलं ते इथं सांगत बसत नाही. एकटी राहायची पण एकटं वाटायचं नाही, एवढं खरं. दोन खोल्या, एक रेडिओ आणि माझं तोंड, एवढ्यात घर भरलेलं असायचं.

ऑपरेशननंतर शाळेनं मला ग्रंथालयात बसवलं. चांगुलपणानंच बसवलं. मुलं यायची, पुस्तक घ्यायची, माझ्या गळ्यावरच्या पांढऱ्या रुमालाकडं चोरून बघायची आणि चवड्यांवर चालत निघून जायची. शिक्षकांच्या खोलीत मी गेले की गप्पांचा आवाज खाली यायचा. शेजारीण सुरुवातीला रोज येऊन बसायची, पण एकतर्फी गप्पा कुणी किती मारणार? हळूहळू ती भाजीची वाटी दारातूनच द्यायला लागली. कुणाचं काही चुकत होतं असं नाही. पण संध्याकाळी मला इतकं एकटं वाटायचं, की कुकर लावून मी त्याच्या शेजारी उभी राहायची. निदान घरात काहीतरी ओरडायचं.

हे सगळं मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते आप्पांचं.

आप्पा म्हणजे माझे वडील. घोडेगावला राहायचे आणि तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. सत्तरी उलटली होती तरी दर बाजाराला हजर. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, माझी शाळा लवकर सुटायची. त्या दिवशी ते एसटीनं माझ्याकडं यायचे. आणि मग नुसता धुडगूस. कुणाचा बैल लंगडा निघाला, कुठल्या म्हशीनं कुणाला कशी लाथ मारली, कोण सौदा करून पळाला. मी माझ्या शाळेतल्या भानगडी सांगायची. आम्ही दोघं एकाच वेळी बोलायचो आणि दोघांनाही सगळं ऐकू यायचं. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडं शनिवारी भांडणं असतात का हो?

माझं तोंड बंद झालं आणि आप्पा गप्प झाले. दारात वहाणा काढायचे, खुर्चीत बसायचे, "बरी हाईस न्हवं?" एवढं विचारायचे. मी मान हलवायची. मग ते खिडकीबाहेर बघायचे आणि मी त्यांच्याकडं. बशीतला चहा फुंकायचा आवाज तेवढा व्हायचा. "चला, गाडी हाय," म्हणून उठायचे. शेवटच्या गाडीपर्यंत न हलणारा माणूस, तो आता चारच्या गाडीनं जायला लागला, मग तीनच्या. एका शनिवारी आलेच नाहीत. पुढच्या वेळी म्हणाले, "पाय दुखत हुता." पाय दुखतोय आणि बाजार मात्र चुकलेला नव्हता, मला का माहीत नव्हतं? मी समोर बसलेली त्यांना बघवत नव्हती. हे असंच चाललं तर ते एक दिवस यायचेच बंद होतील.

म्हणून मला बोलायचं होतं. भाजीवालीचं नंतर बघितलं असतं. आधी आप्पा.

डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं होतं. पण ऑपरेशननंतर किरणांचा शेक दिल्यानं माझ्या गळ्याची कातडी चामड्यासारखी झालेली, त्यातून नुसती घरघर निघायची. मग मी पाटी घेतली. पहिलीतल्या पोरांची असते तसली, लाकडी चौकटीची. किंमत किरकोळ, सेल लागत नाहीत, उन्हात दिसते, पडून फुटली तर दुसरी आणायची. वापरायला ह्याहून सोपी वस्तू जगात नसेल. पण पाटी बाहेर काढली की लोक माझ्याशी लाडे लाडे बोलायला लागायचे. बँकेतला कारकून मला म्हणाला, "शाब्बास, छान लिहिता हो." वीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी! आणि पाटीवर भांडता येत नाही, हे सगळ्यात वाईट. भांडणात दुसरं वाक्य पहिल्याच्या मागोमाग यावं लागतं. इथं मी पाटी पुसत बसायची आणि समोरचा निघून जायचा.

त्यातून आप्पांना वाचता येत नव्हतं. सही तेवढी यायची. त्यांच्यापुढं मी पाटी धरली तर ते ती हातात घेऊन मागून-पुढून बघायचे आणि खाली ठेवायचे.

कापडबाजाराच्या मागच्या एका गल्लीत घड्याळांचं दुकान होतं. दुकानदार म्हातारे होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. माझ्या गजराच्या घड्याळाचा काटा बदलायला म्हणून गेले, तर काचेच्या कपाटात घड्याळांच्या खाली काही नव्या वस्तू मांडलेल्या. मी पाटीवर लिहिलं, हे काय? चाचांनी पाटी माझ्या हातातून घेतली, पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'डिजिटल डायरी'. मी लिहिलं, मला ऐकू येतं. "अरे हां," म्हणून ते हसले, आणि त्यानंतर माझ्याशी सरळ, साध्या आवाजात बोलले. तेवढ्यावरच मी त्यांची गिऱ्हाईक झाले.

डिजिटल डायरी स्वस्त होती. पण तिच्यात फोन नंबर ठेवायचे, एका ओळीत मावेल तेवढं लिहायचं, आणि बटणं एवढी बारीक की टोकदार नख हवं. मी 'I am' लिहीपर्यंत माणूस रस्ता ओलांडून गेला असता. दुसरी वस्तू चाचांनी गल्ल्याशेजारच्या खणातून काढली. चष्म्याच्या डबीसारखी उघडायची. आत चांगला लांबट पडदा, खाली खरोखरीची बटणं, पर्समध्ये सहज मावणारी, आणि दोन पेन्सिल सेलवर चालणारी. "पामटॉप बोलतात ह्याला. कुणी बाहेरून आणला, इथं विकून गेला," चाचा म्हणाले. "पूरा कॉम्प्युटर आहे, टीचर." मग त्यांनी एक बटण दाबून धरलं, यंत्राच्या तोंडाशी दोनदा खोकले, आणि दुसरं बटण दाबलं. यंत्र दोनदा खोकलं.

यंत्र आवाज धरून ठेवत होतं. म्हणजे कुणाकडून तरी वाक्यं भरून घेतली, की आप्पांसमोर बटण दाबायचं आणि वाक्य ऐकू येणार. वाचायची भानगड नाही.

मी किंमत विचारली. चाचांनी माझ्या पाटीवर आकडा लिहिला, अठरा हजार, आणि घसा खाकरून दुसरीकडं बघितलं. माझ्या तीन पगारांहून जास्त. पैसे ऑपरेशनमध्येच गेलेले. राहिल्या होत्या त्या हातातल्या दोन पाटल्या, आईच्या. आई गेल्यावर आप्पांनी स्वतः माझ्या हातात चढवलेल्या. मी दुकानात उभ्या उभ्या एक पाटली फिरवत राहिले. चाचांनी ते बघितलं असणार. म्हणाले, "आठ दिवस घेऊन जा. वापरा. जमलं तर ठेवा, नाही तर आणून द्या. हिसाब नंतर." मी अनामत म्हणून काही ठेवू का, असं लिहायला लागले तर त्यांनी पाटीच उलटी केली.

आठ दिवस मी ते यंत्र वापरलं. पहिल्या दिवशी माझा रुबाब बघायला हवा होता. पाटी काढल्यावर शाब्बास म्हणणारा तो कारकून यंत्र बघून उभाच राहिला आणि मॅडम म्हणाला. त्यात आधी लिहून ठेवलेली वाक्यं एका बटणावर येत. सगळ्यात जास्त लागायचं ते 'मला ऐकू येतं, कृपया ओरडू नका.' पण यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती. सगळं इंग्रजीत, नाही तर मराठी इंग्रजी अक्षरांत. भाजीवालीसमोर मी टाइप केलं, MALA PAVSHER BHENDI DYA. ती बघते यंत्राकडं, मग माझ्याकडं, मग गिऱ्हाइकांना सांगते, "बाईंनी गेम आणलाय." शिवाय उन्हात पडदा दिसायचाच नाही. तिच्या हातगाडीवर ऊन, मी पदराची सावली धरून उभी, आणि मागून एका कॉलेजच्या मुलीनं डोकावून मोठ्यांदा वाचलं, "मला पावशेर भेंडी द्या." माझंच वाक्य, दुसऱ्याच्या गळ्यातून, भर रस्त्यात. मला रडूच आलं. भेंडी घेतली आणि तडक घरी आले.

बसमध्ये संध्याकाळी पडदा काळा. लोकांच्या हातात दिलं तर ते वाचायच्या आधी बटणं दाबून बघायचे. सेल दोन दिवसांत बसायचे, कारण आवाज भरायला आणि ऐकवायला यंत्र ते जास्त खायचं. आणि आवाज मावायचा तरी किती? तीन-चार वाक्यं. जास्त हवी असतील तर वेगळं कार्ड घ्यायचं, त्याची किंमत चाचांनी मला सांगितलीच नाही. मी रोज संध्याकाळी यंत्र एका हातात आणि पाटली एका हातात घेऊन बसायची. सोयीचं म्हणावं तर पाटीच बरी. पण पाटीला आवाज नव्हता.

माझ्या स्वतःच्या आवाजाची एकही कॅसेट नव्हती. दिवसभर कानाशी वाजणाऱ्या बाईचा आवाज कोण भरून ठेवतं? मग मी शेजारणीला बोलावलं. तिनं हात पुसले, केस सारखे केले, फोटो काढायचा असल्यासारखी बसली, आणि मी पाटीवर लिहिलेली वाक्यं यंत्रात म्हटली. 'आप्पा, बाजार कसा झाला?' 'आप्पा, चहा घेता का?' आणि 'अजून थोडं बसा.' तिसरं तिनं दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा तिचा आवाज फुटला.

शनिवारी आप्पा आले. वहाणा काढल्या, खुर्चीत बसले, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "बरी हाईस न्हवं?" मी मान हलवली. पदराआड यंत्र धरलं होतं. मी बटण दाबलं.

"आप्पा, बाजार कसा झाला?"

आप्पा ताडकन उठले, टोपी सारखी केली आणि दाराकडं बघितलं. "कोन आलंय?"

मी यंत्र पुढं केलं, परत दाबलं. त्यांनी ते टेबलावर ठेवायला लावलं, दोन पावलं मागं सरकले, आणि त्या आवाजाला अगदी अदबीनं म्हणाले, "बरा झाला की बाईसाहेब." मग वाट बघत उभे राहिले. यंत्र काही बोलेना. पुढचं काय विचारायचं ते माझ्याजवळ भरलेलंच नव्हतं. मी घाबरून भलतंच बटण दाबलं आणि यंत्र म्हणालं, "अजून थोडं बसा." आप्पा मुकाट्यानं बसले. परक्याच्या घरी बसतात तसे, खुर्चीच्या कडेवर.

मला इतका राग आला की ते यंत्र खिडकीबाहेर भिरकवावंसं वाटलं. अठरा हजाराचं भूत! माझ्या घरात, माझ्या बापाला, दुसऱ्या बाईच्या आवाजात बसायला सांगतंय. आणि आप्पा पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले होते. चहासुद्धा झाला नव्हता आणि त्यांची नजर घड्याळाकडं गेली.

जरा वेळानं, काहीतरी विचारायला हवं म्हणून, ते म्हणाले, "केवढ्याला?"

त्याचंही वाक्य यंत्रात नव्हतं. मी यंत्र मिटून बाजूला सारलं आणि बोटं वर केली. एक बोट, मग आठ.

आप्पांनी दचकून इकडं तिकडं बघितलं. खोलीत आम्ही दोघंच. पण त्यांचा हात खांद्यावर गेला, टॉवेल ओढला, आणि झपकन माझ्या हातांवर टाकला.

"असा उघड्यावर भाव सांगत्यात व्हय?" ते म्हणाले.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगायचा नसतो, हे मी लहानपणापासून बघत आले होते. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचे हात धरतात, वर टॉवेल टाकतात, आणि टॉवेलाखाली बोटं दाबून आकडा ठरतो. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच. त्यापुढच्या खुणा मी सांगणार नाही, तो त्यांच्या धंद्याचा मामला आहे. भाव पटला नाही तर हात झाडायचा, पटला तर अंगठ्यावर अंगठा दाबायचा. बायका कधी ह्यात नसायच्या. पण मी लहान असताना जेवणं झाली की आप्पा मला मांडीवर घेऊन टॉवेलाखाली आकडे शिकवायचे. मी मोठी झाले आणि ते थांबलं. त्यानंतर त्यांनी माझा हात धरला तो पाटल्या चढवताना, बस.

आता त्यांचा हात माझ्या हाताशी आला. खरखरीत, जाड. त्यांनी दोन बोटं दाबली. दोन हजार. जणू यंत्र मी विकायला काढलंय आणि ते गिऱ्हाईक.

मी हात झाडला.

आणि आप्पा बोलायला लागले. "वस्तू चांगली हाय, न्हाई म्हनत न्हाई. रंग बरा हाय. झाकन घट्ट बसतंय." तोंड सुटलं त्यांचं. हात टॉवेलाखाली गेला की त्यांचं तोंड चालायलाच हवं होतं, उभा जन्म तीच सवय. बाजारात हाताचा आकडा कुणाला कळू नये म्हणून दलाल वर अखंड काही ना काही बोलत असतो. जनावराचं बोलतो, पावसाचं बोलतो, गावातलं बोलतो, आणि खाली हात आपलं काम करत असतो. आप्पांना दुसरी तऱ्हा येतच नव्हती.

अडीच. मी झाडला. "परवा खिलारी जोडी आल्ती नेवाशाकडनं. लई देखनी. पर एकाची नजर वाईट." पुन्हा अडीच. मी सतरावर आले. "सतरा? तुज्या यंत्राला शिंगं हायती का?" मला हसू आलं. माझ्या हसण्याला आवाज नसतो, नुसती हवा येते, पण आप्पांना ते खांद्यांवरून कळलं. मग काय विचारता! वर्षाचं साठलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. कोण मेलं, कुणाला नातू झाला, पाथर्डीकडचा एक गिऱ्हाईक कसा रडून रडून म्हैस परत द्यायला आला आणि तिला बघून पुन्हा घेऊन गेला. तीन. सतरा. तीन. मी हटले नाही.

बोलता बोलता त्यांचा हात सरकून माझ्या मनगटावर गेला आणि पाटलीला लागला. तिथं थांबला. आप्पा माणूस हुशार. त्यांनी यंत्राकडं बघितलं, मग पाटली बोटांनी चाचपली. मी मान खाली घातली.

"ह्या घेतल्या तवा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला, "सोनाराकडं तुजी आई म्हनली, केवढ्याच्या? आता धा मानसांत कसं सांगू? मी टावेल टाकला. तिला तर काय कळतंय बोटांचं. तिनं आपला हात तसाच धरून ठिवला. सोनार बघतोय, मानसं बघत्यात, ती सोडंना." आप्पांनी पाटली माझ्या मनगटावर फिरवली. "लई कमी बोलायची ती. मला सवय हुती मग, समूरचं मानूस बोलत न्हाई त्याची. पर तू न्हाई बोलत ते मला सहन हुईना बाई. म्हनलं, लेकीचं त्वांड गेलं, तिच्यापुढं आपलं कशाला वाजवायचं? तुला वंगाळ वाटंल. म्हनून गप ऱ्हायलो."

मी त्यांचा हात घट्ट धरला. ह्या धरण्याचा कुठला आकडा होत नाही. मला रडू येत होतं आणि रडताना गळ्यावरचा रुमाल भिजतो म्हणून मी तोंड वर करून बसले. आप्पांनी मोकळ्या हातानं टॉवेलाचं टोक उचललं आणि माझे डोळे पुसले, खालचे हात मात्र झाकलेलेच ठेवले.

यंत्र मी सोमवारी चाचांना परत केलं, ते इथंच सांगून टाकते. पाटी चालू ठेवली. भाजीवाली अजूनही ओरडते, आणि मी तिच्याकडून भेंडी जरा जास्त घेते, कारण आप्पा सोडले तर तिच्याइतकं माझ्याशी कुणी बोलत नाही. पण त्या शनिवारी हे सगळं पुढं होतं. टेबलावर चष्म्याच्या डबीसारखं यंत्र मिटलेलं पडलं होतं आणि कुणाचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

तीनची गाडी गेली. चारची गेली. उन्हं खिडकीतून खाली उतरली तशी आप्पांनी घड्याळ बघितलं. शेवटच्या गाडीला निघायची वेळ झाली होती. त्यांनी एका हातानं टोपी घातली, उठून दाराशी गेले, वहाणा पायांत सरकवल्या, आणि मी त्यांच्यामागं, कारण दुसरा हात अजून टॉवेलाखाली माझ्या हातात होता. त्यांनी पाच बोटं आवळली. पाच हजार, शेवटचं. मग माझ्या अंगठ्यावर त्यांचा अंगठा टेकला. मी नुसता दाबला असता तर सौदा मिटला असता, टॉवेल खांद्यावर गेला असता आणि ते गाडीला लागले असते.

मी हात झाडला. आणि झाडून पुन्हा त्यांचा हात धरला.

आप्पांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग भोवती बाजार भरला असावा तसं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज काय ह्यो सौदा व्हत न्हाई." आणि वहाणा काढून पुन्हा आत येऊन बसले.